छपरावरची सावड

(आदिलाबाद येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे मुद्रित रूप. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवात एका फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात उटनूरच्या वरच्या अंगाला दोन गावांच्या मध्ये आम्ही एक बिनतारी दुवा बांधला. इकडे शाळेचं छप्पर, तिकडे सहा किलोमीटरवर एका किराणा दुकानाचं छप्पर. दोन्हीकडे ताटाएवढा अँटेना, लोखंडी पाइप आणि आमच्या पोरांची हौस. ऊन असं की पाना हातात धरवेना. संध्याकाळी दुवा लागला. शाळेच्या व्हरांड्यात बसून पोरांनी दुकानातल्या मुलाशी व्हिडिओवर गप्पा मारल्या आणि आम्ही किल्ला घेतल्यासारखे घरी गेलो. जूनअखेर दुवा कुरकुरायला लागला. जुलैत मेला. आम्ही केबल बदलली, अडॅप्टर बदलला, पाणी शिरलं असेल म्हणून जोडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. शेवटी त्या दुकानाच्या ओट्यावर बसलेले एक बाबा म्हणाले, "मास्तर, तुमी आलते तवा साग नागडा होता. आता त्यानं कापडं घातली."

रेडिओलहर सरळ रेषेत जाते असं मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. सरळ जाते हे खरं, पण ती सुतळीसारखी जात नाही, पखवाजासारखी जाते: दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीला सहा किलोमीटर गाठायचे असतील, तर मध्यावर त्या पखवाजाची त्रिज्या जवळपास ९ मीटर भरते, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. आपल्या डोळ्याला समोरचं छप्पर दिसतं म्हणून आपण खूश. लहरीला मात्र खालच्या सागाच्या शेंड्यांतून वाट काढायची असते. मे महिन्यात शेंडे उघडे असतात. पावसाळ्यात तिथे सुपाएवढी, पाण्याने निथळणारी पानं येतात, आणि त्यातलं पाणी लहर पिऊन टाकतं. पुस्तकात हे सगळं आहे. माझ्या पुस्तकात साग नव्हता, इतकंच.

दुवा मेला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. लागलं ते वेगळंच. जवळपास महिनाभर दुवा बंद होता आणि गावातून एक तक्रार आली नाही. हातपंप बिघडला असता तर दुसऱ्या दिवशी बाया पंचायतीच्या दारात उभ्या राहिल्या असत्या. दुवा कुणाचाच नव्हता. आम्ही येऊन लावला होता, तर बघायलाही आम्हीच येऊ, असं गावाने धरलं. त्यात गावाचं काही चुकलं नाही.

आजचा विषय हाच आहे: लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, स्वतःच्या छपरावर लावलेल्या यंत्रांचं जाळं, ज्याला मध्ये बसलेला एक धनी नाही. आपल्या बोलण्याकडे जरा कान द्या. आपण म्हणतो, रेंज आली, रेंज गेली. पाऊस आला, पाऊस गेला, तसंच. मोटार बिघडली की आपण मेकॅनिक शोधतो. रेंज गेली की आभाळाकडे बघतो. ई-पॉसचं यंत्र हातात घेऊन टेकडीवर चढणारा रेशन दुकानदार आणि त्याच्यामागे पिशव्या घेऊन चाललेली माणसं, हे चित्र आपल्या एजन्सी भागात, म्हणजे आदिवासी पट्ट्यात, कुणाला नवं नाही. त्यात कुणाला अपमानही वाटत नाही, कारण पावसावर कोण रागावणार?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या गुरुजींकडे मर्फीचा रेडिओ होता, आणि रेडिओइतकंच जपून ठेवलेलं पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक होतं. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि तिकीट लावून घ्यायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. पण १९३३ च्या इंग्रजी कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. गुरुजी फक्त ऐकत होते, बोलत नव्हते, तरी परवाना. रेडिओची ही फी ऐंशीच्या दशकात उठली. बोलण्याचा परवाना मात्र तसाच राहिला.

तो सैल कसा झाला, ही गोष्ट क्रिकेटपासून सुरू होते. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, कंपनीचीही नाही. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं, आणि स्वतंत्रपणे लिहिलेलं दुसरं न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डींचं. एक मुंबई उच्च न्यायालयातून आलेले, दुसरे हैदराबादच्या. मराठी आणि तेलुगू एका बाकावर बसवणाऱ्या या गावाला ही जोडी आवडावी.

पुढे २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरालाही परवान्यातून मोकळा झाला, चार वॅटपर्यंतच्या मर्यादेत. त्याच वर्षी धरमशालेत तिबेटी मंडळींबरोबर एअरजल्दीचं जाळं उभं राहिलं. तिथल्या खांबांना माकडांचा त्रास होता, आपल्याकडेही असेल. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग असाच मोकळा झाला. म्हणजे आज तुम्ही बाजारातून मान्यताप्राप्त यंत्र आणून आपल्या छपरावर लावलं आणि शेजारच्या गावाच्या छपराशी जोडलं, तर त्या लहरीसाठी कुणाचा परवाना लागत नाही. इंटरनेट विकायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिकडे नंतर येतो.

इथे एक तुलना करतो, सांभाळून करतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं १९२४ साली खुलं केलं. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला. माणुसकीच्या त्या लढाईपुढे आपली वाय-फायची गोष्ट काडीइतकी आहे, हे मला कळतं. पण वस्तू कागदावर सार्वजनिक असते आणि वापरात कुणाची तरी असते, हे महाडने आपल्याला कायमचं शिकवलं आहे.

आता जाळं चालतं कसं ते सांगतो. इथून माहूरला पायी निघालेल्या माणसाच्या खिशात नकाशा नसतो. तो गावात विचारतो, रेणुकामातेकडे कसं जायचं? गावकरी अख्खी वाट सांगत नाहीत. पुढच्या गावाकडे बोट करतात. पुढच्या गावात पुन्हा विचारायचं. ओढ्याला पूर असेल तर तिथलेच सांगतात, आज इकडून नको, टेकडीवरून जा. बर्लिनच्या फ्रायफुंक नावाच्या मंडळींनी बॅटमन नावाची जी रीत बसवली, ती हीच. प्रत्येक यंत्र एवढंच लक्षात ठेवतं की अमुक ठिकाणी जायचा निरोप आपल्या कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवायचा. साऱ्या जाळ्याचा नकाशा कुणाकडेच नसतो, म्हणून एक गाव पडलं तर जाळं पडत नाही. यात एक गोम आहे, आणि विकणारे ती सांगत नाहीत. यंत्रात एकच रेडिओ असेल, तर त्यालाच ऐकावं लागतं आणि त्यालाच पुढे बोलावं लागतं. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला वेग साधारण निम्मा होतो. चार-पाच मुक्कामांत गंगाजळी आटते. म्हणून टेकडीवरच्या मुख्य ठिकाणी दोन-तीन वेगळे रेडिओ लावतात, आणि खर्च तिथे होतो.

खर्च म्हटला की सावड आली. सावड तुम्हाला मी काय सांगू? आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पण सावड आणि इर्जिक यांत फरक आहे, तो नव्या पिढीकडून पुसट होतोय. इर्जिक एका दिवसाची. सगळ्यांनी औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं, गाणी म्हणायची, संध्याकाळी त्याने जेवण घालायचं. सावड हंगामभराची. तिच्यात हिशोब असतो, कुणी वहीत लिहीत नसलं तरी. कुणाच्या घरचा माणूस किती दिवस आला हे सगळ्यांना पाठ असतं. माझं म्हणणं असं की असं जाळं उभारणं ही इर्जिक असते आणि चालवणं ही सावड. आपल्याकडचे बहुतेक प्रयोग इर्जिकेवर संपले. फीत कापली, जेवण झालं, औतं आपापल्या घरी गेली.

आणि प्रयोग आपल्या जवळपास कमी झालेले नाहीत. वारणानगरला १९९८ साली सत्तर गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प झाला, तोही साखरेच्या सहकाराच्या पायावर. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिलं तर शेतकरी संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि पावत्या बघायला करत होते. मग त्यातलं बरंचसं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून दाखवलं, आणि ते जास्त सोयीचं ठरलं. मला हा प्रकल्प फसला असं वाटत नाही. लोकांना काय हवं होतं हे त्याने सांगितलं.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' नावाने जे केलं, ते आपल्या सागाच्या दुखण्याला सरळ भिडतं. दूरदर्शनसाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे पंधरा वाहिन्यांची जागा. त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं की देशात कुठेही गेलात तरी त्यातल्या निदान बारा वाहिन्या रिकाम्या आहेत. पंधरा खोल्यांच्या वाड्यात तीन खोल्यांत माणसं आणि बारांना कुलूप. या पट्ट्यातली लहर लांब असते. ती पानांना, झाडांना वायफायइतकी बिचकत नाही, त्यांतून बरीचशी निघून जाते. खामलोली आणि आसपासची मिळून सात गावं त्यांनी तिच्यावर जोडली. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पण तो पट्टा २.४ सारखा सर्वांना मोकळा नाही, प्रयोगाच्या परवानगीवर काम झालं. आमच्या बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, म्हणजे सागातून जाणारी वाट आहे, पण फाटकाला कुलूप आहे. मला विचाराल तर सरकारकडे मागायची पहिली गोष्ट ही. जंगलातल्या जिल्ह्यांना तो रिकामा पट्टा मोकळा करा.

बोलण्याचा परवाना मिळवायला किती दम लागतो, ते आपल्याच तेलंगणातल्या बायकांना विचारा. जहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या दलित शेतकरी बायकांनी युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमारास रेडिओ केंद्र उभं करून ठेवलं होतं. यंत्रं होती, खोली होती, कार्यक्रम होते. परवाना नव्हता. मग त्या कार्यक्रम कॅसेटवर भरून गावोगावी, संघमांच्या बैठकीत वाजवायच्या. २००६ च्या नोव्हेंबरात धोरण बदललं आणि १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. चालवणाऱ्या दोघी, दोघींचं नाव नरसम्मा. दहा वर्षं ज्यांनी कॅसेटी वाहिल्या, त्यांचं केंद्र परवाना आल्यावर सहज सुरू झालं, कारण सावड आधीच चालू होती, फक्त खांब जोडायचा होता.

कॅसेटचा धाकटा भाऊ म्हणजे बुल्टू. छत्तीसगडच्या गोंडी मुलखात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. फोनवर आपल्या भाषेत बातमी बोलायची आणि दुसऱ्याची ऐकायची. पुढे जिथे रेंजच नाही तिथे त्यांनी तेच आवाज ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. तिथल्या तोंडात ब्लूटूथचं बुल्टू झालं. बाजाराच्या दिवशी पोरगं येतं, नव्या बातम्या फोनमध्ये घेतं आणि गावात जाऊन वाटतं. लोकांच्या मालकीच्या यंत्रांचं याहून साधं जाळं मला माहीत नाही. खांब नाही, वीज नाही, आणि निरोप माणसाच्या पायाने चालतो.

आता थोडं लांब जाऊ. स्पेनमध्ये कॅटलोनियात गुर्ब नावाचं खेडं आहे. २००४ च्या सुमारास तिथे कंपन्या ब्रॉडबँड द्यायला येईनात, तेव्हा रामोन रोका या गृहस्थाने शेजाऱ्यांना घेऊन छपरावर अँटेना लावायला सुरुवात केली. त्या जाळ्याचं नाव गुइफी. आज त्याची ठिकाणं ३५,००० च्या वर आहेत आणि आता त्यात फायबरही आहे. यंत्र ज्याने घेतलं त्याचंच राहतं. जोडताना मात्र तो एका करारावर सही करतो की माझ्या छपरावरून तुझा निरोप मी अडवणार नाही आणि उघडून बघणार नाही. त्यावर धंदा करणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही मज्जाव नाही. कुणी जाळं किती वापरलं, कुणी त्यात किती घातलं, याचा ताळेबंद मांडतात आणि ज्याची बाजू कमी पडली तो भरतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही तर आपली सावड, नुसती वहीत उतरवलेली.

दुसरं गाव मेक्सिकोतलं, वाहाका राज्यातलं ताले दे कास्त्रो. डोंगरातलं, झापोतेक लोकांचं, अडीच हजार वस्तीचं. मोठ्या मोबाइल कंपनीने एवढ्या लहान गावाला टॉवर द्यायला नकार दिला. २०१३ साली गावाने रिझोमॅटिका संस्थेच्या मदतीने स्वतःचं मोबाइल केंद्र उभारलं. महिन्याला अगदी थोडे पैसे, गावातल्या गावात फोन मोकळा. जगभर कौतुक झालं. हे इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. काही वर्षांनी एका बड्या कंपनीची सेवा त्याच गावात आली, जास्त वेगाची, आणि एकेक करून लोक तिकडे गेले. गावाच्या यंत्रावर फोन चालायचा, पण फोनमधलं सगळं चालत नव्हतं. आसपासच्या इतर गावांत ते काम टिकलं. ताल्याच्या लोकांना नावं ठेवणं मला जमत नाही. आपण स्वस्त रिचार्ज सोडून सावडीला येऊ का? मी येईन असं छातीठोक सांगत नाही.

म्हणून मी शेजारधर्मावर, त्यागावर असं जाळं उभारा म्हणत नाही. ते जाळं असं काही देणार असेल, जे बाहेरून येतच नाही, तरच ते टिकतं. आपल्याकडे असं काय आहे? गुंजाळा घ्या. नारनूर मंडळातलं गुंजाळा. तिथे गोंडीच्या जुन्या पोथ्या सापडल्या, हैदराबादच्या अभ्यासकांनी त्यांची लिपी वाचली आणि २०१८ च्या जूनमध्ये युनिकोडमध्ये गुंजाळा गोंडी लिपीला जागा मिळाली. जगातल्या कुठल्याही संगणकावर ती उमटू शकते. पण गुंजाळ्याच्या शाळेतला धडा शेजारच्या शाळेत पाठवायचा तर तो आधी शेकडो किलोमीटर दूर, कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरवर जाऊन मग परत येणार. तीन हजार रुपयांच्या छोट्या संगणकावर शाळेतच पुस्तकं, गाणी, विकिपीडियाची प्रत ठेवली आणि चार गावं छपरांनी जोडली, तर इंटरनेट गेलं तरी ते सगळं चालू राहतं. मराठी शाळांचंही तेच. जैनाथ, बेला, तामसीकडची आपली पोरं मराठीत शिकतात आणि पुस्तकांसाठी नदीपलीकडे डोळे लावून बसतात.

नदीपलीकडे म्हटल्यावर आठवलं. लहरीला सीमा नसते असं म्हणतात. बिलाला असते. एक काळ होता, पैनगंगेकाठच्या शेतात उभं राहिलं की फोन महाराष्ट्रातला टॉवर धरायचा आणि माणूस आपल्याच रानात बसून रोमिंगचे पैसे भरायचा. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत या जिल्ह्यातच होते. राजुऱ्याच्या पुढे जिवतीकडे परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी गावं आहेत, ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगत आली. तिथे मतदार यादीतलं नाव दोनदा, रेशनकार्ड दोन, शाळा दोन. दोन सरकारं असूनही माणसाला आपलं छप्पर एकच असतं, आणि एकाच छपरावर दोन राज्यांचे अँटेना बसू शकतात.

छपराचीच एक अडचण सांगतो, ती पुस्तकात नसते. गावात सिमेंटचं पक्कं, उंच छप्पर कुणाचं असतं? ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं. खांब तिथेच चांगला बसतो. मग बिघाड झाला की कोलामगुड्यातल्या पोराने त्या छपरावर चढायचं का? चढू देतात का? आमच्या एका ठिकाणी रात्री आठनंतर फाटक बंद, आणि जाळं नेमकं आठनंतर पडायचं. घरमालक वाईट नव्हता. त्याच्या घरात माणसं झोपत होती. आम्ही खांब तिथून काढून शाळेच्या पाण्याच्या टाकीवर नेला. सिग्नल थोडा घटला, भांडणं पार गेली. रेडिओचा अभ्यास करणाऱ्यांनी याला तोटा म्हटलं असतं.

आणि वीज. कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या मंडळींनी तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयासाठी थेनी भागात लांब पल्ल्याचे वायफाय दुवे लावले. खेड्यातला रुग्ण व्हिडिओवर डॉक्टरला डोळा दाखवायचा. त्यांनी पुढे जो अनुभव लिहिला त्यात रेडिओपेक्षा विजेनेच जास्त छळलं. व्होल्टेज चढतं, पडतं, आणि यंत्र आतून कुजतं. ते मरत नाही, आजारी पडतं आणि खोटं सांगतं. स्थानिक माणसाला ते ओळखायला शिकवणं हेच सर्वांत मोठं काम होतं. आमच्याकडे एका सोलर पॅनेलने आणि एका बॅटरीने निम्मे आजार गेले.

पैशाच्या आमिषावर जाळं वाढवायचाही एक मोठा प्रयोग झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत हीलियम नावाचं जाळं निघालं. घरात पेटी लावा, जाळ्याला आवाका द्या, आणि बदल्यात आभासी नाणी मिळवा. नाण्याचा भाव चढला तशी जगभर पेट्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. पण त्यावरून आपलं काम करून घेणारी गिऱ्हाइकं मोजकीच होती. २०२२ मध्ये नाणं घसरलं आणि अनेकांच्या पेट्या धूळ खात राहिल्या. लोकांनी दुकानं उघडली होती एकमेकांना दुकानं विकायला. मला यात फसवणुकीपेक्षा घाई दिसते. सावडीत माणूस येतो कारण उद्या त्याच्या रानात काम असतं. इथे कुणाच्याच रानात काम नव्हतं.

इंटरनेट हवंच असेल, तर केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेने ९ डिसेंबर २०२० पासून एक दार उघडलं आहे. चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना न घेता, नोंदणी न करता वायफाय देता येतं. गिऱ्हाइकाला मंजुरी देणं आणि हिशोब ठेवणं हे काम वरची एकत्रीकरण करणारी कंपनी बघते. २००८ साली नवी मुंबईतल्या कुणाच्या तरी उघड्या वायफायवरून दहशतवाद्यांनी ईमेल पाठवला होता, तेव्हापासून आपल्याकडे उघड्या वायफायचं भय आहे. ते निराधार नाही, म्हणून ही मधली व्यवस्था बरी. अडचण दुसरीच होती. टपरीवाल्याला घरगुती दराने जोडणी मिळत नव्हती, महागडी लाइन घ्या म्हणत. २०२५ च्या जूनमध्ये ट्रायने दर बांधून दिला, घरगुती दराच्या दुपटीहून जास्त नको. पंधरा-वीस घरांनी मिळून एक जोडणी घेतली तर दुप्पट दरही अंगावर येत नाही.

उपग्रहाचं विचाराल, तर ताटली तुमच्या छपरावर येईल, पैसे तुम्ही भराल, आणि वाट कुणी परदेशी माणूस चालवील. दूरच्या पाड्यासाठी उत्तम. शेजारच्या गावाशी बोलायला आभाळात जाऊन यावं लागणं मला तरी विनोदी वाटतं.

तर आमच्या त्या मेलेल्या दुव्याचं काय झालं? दोन गावांच्या मध्ये, सागाच्या थोडं वर, एक टेकाड आहे. तिथे त्या बाबांचं शेत. पखवाज एकाचे दोन झाले, लहान झाले, आणि झाडांच्या वर गेले. बाबांनी विचारलं, "खांब माज्या रानात, मला काय?" आम्ही सोलरवर एक दिवा आणि फोन चार्ज करायची एक जागा काढून दिली. सौदा पटला. शाळेत दोरीला बांधलेली एक वही टांगली: तारीख, कोण चढलं, काय सापडलं. त्यात सुताराच्या अक्षरात "केबल उंदराने कुरतडली" आहे, सातवीतल्या मुलीच्या अक्षरात "कनेक्टर हलला होता, हलवला, लागला" आहे, आणि एका पानावर, "पोळ्याला बॅटरी गाण्यासाठी नेली, परत आणली". ती बॅटरी कुणी नेली हे लिहिलेलं नाही, पण अक्षर सगळ्या गावाला ओळखू येतं.

आता तिसऱ्या गावाने बोलावलं आहे. या वेळी पाहणी मेमध्ये करायची नाही, भर पावसात करायची, सागाने कपडे घातलेले असताना. वीस फुटी शिडी आहे. ती धरायला खाली दोघं लागतात. वही मी सोबत आणली आहे, सभा सुटल्यावर दाराशी थांबतो.